आर्वोची दिवसपाळी

आमच्या कोठारावर आर्वो निएमेलाइतका कमी बोलणारा माणूस दुसरा नव्हता. कॅनडातल्या थंडर बेमधले फिनिश लोक मुळातच शब्दांचे कंजूष, पण आर्वो त्यांच्यातही घुमा. सकाळी कुणी हाक मारली तर मान हलवायचा. बाहेर नाक गळून पडेल असा गारठा असला तर "थंडी आहे" म्हणायचा, आणि तेवढ्यावर त्याचा दिवस भागायचा. मी फिलो, इटालियन घरातली. आमच्याकडे जेवताना चौघं एकदम बोलतात आणि ऐकत कुणीच नाही. त्यामुळे पहिली काही वर्षं मला वाटायचं, याचं माझ्याशी काहीतरी बिनसलंय. नंतर कळलं, त्याचं सगळ्यांशी असंच बरं आहे.

सरोवराच्या काठी धान्याची जी उंच उंच कोठारं आहेत, त्यातल्या एकात आम्ही दोघं कामाला. पश्चिमेकडून गव्हाने भरलेल्या आगगाड्या यायच्या, तो गहू कोठारात चढायचा आणि तिथून जहाजांत उतरायचा. आर्वो डबे उलटवायच्या यंत्रावर होता. रेल्वेचा अख्खा डबा कवेत धरून ते यंत्र कलंडवतं, जशी आपण परात कलंडवतो. तिथे चूक झाली तर माणूस चेंगरतो. आर्वोच्या हातून कधी काही झालं नाही. मी वजनघरात होते आणि शिवाय युनियनची प्रतिनिधी. म्हणजे ज्याला त्याला गाऱ्हाणं सांगायला मी. आर्वोनं मात्र कधी एक गाऱ्हाणं आणलं नव्हतं.

त्याचं लग्न झालेलं नव्हतं. पन्नाशी उलटलेली. घरी तो आणि त्याची आई लेम्पी. लेम्पीबाई तरुणपणी लाकूडतोड्यांच्या छावणीत स्वयंपाकीण होती. साठ-सत्तर पुरुषांना पोटभर जेवू घालायची आणि कुणी आगाऊपणा केला तर डावानं सरळ करायची. तिचं इंग्रजी तोडकंमोडकं पण फर्मास होतं. मग तिला पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सावरले, पण डोक्यातलं इंग्रजी पार पुसलं गेलं. उरली ती लहानपणीच्या गावची फिनिश, आणि मनानं ती बहुतेक वेळ त्या गावातच असायची.

तरी आर्वोचं बरं चाललं होतं, कारण त्याची दिवसपाळी पक्की होती. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर ती त्याच्या वाट्याला आली होती. सकाळी तो निघाला की शेजारची केर्तूमावशी यायची. ती फिनिश, सत्तरी ओलांडलेली, तोंडानं फटकळ आणि जिवाला लावणारी. ती लेम्पीबरोबर पाव भाजायची, जुन्या चिंध्यांच्या सतरंज्या विणायची, भांडायचीसुद्धा. आर्वो परतला की ती घरी जायची, कारण संध्याकाळी जेवून ती स्वतःच अंथरुणाला पाठ टेकायची. तिच्याही वयाला काही मर्यादा होती.

मग आमच्याकडे हॅस्किन्स नावाचे नवे मॅनेजर आले. माणूस वाईट नव्हता, पण त्याला सगळं काटकोनात लागायचं. आल्या आल्या त्यानं फिरत्या पाळ्या लावल्या. एक आठवडा दिवस, एक आठवडा दुपार ते मध्यरात्र, एक आठवडा रात्र. सगळ्यांना सारखं. "कुणाचा लाड नाही, कुणावर अन्याय नाही," असं त्यानं सभेत सांगितलं आणि पुष्कळांनी माना डोलावल्या.

आर्वो त्याच्या ऑफिसच्या दारात जाऊन उभा राहिला. आतसुद्धा गेला नाही.

"मला दिवसपाळी हवी. आई आजारी असते."

हॅस्किन्स म्हणाले, "आर्वो, आई सगळ्यांनाच असते रे. घरात तान्हं पोर असतं तर एक वेळ विचार केला असता. तुला सूट दिली तर उद्या रांग लागेल माझ्या दाराशी."

आर्वोनं मान हलवली आणि यंत्रावर परत गेला. हा सगळा संवाद मला पुढे कित्येक आठवड्यांनी कळला.

दुपारपाळीच्या आणि रात्रपाळीच्या आठवड्यांत त्यानं एजन्सीची बाई ठेवली. बिचारी मायाळू होती, पण फिनिशचा एक शब्द येईना. लेम्पीला वाटलं, घरात चोर शिरलाय. तिनं कॉफीची किटली घेऊन बाईला अंगणापर्यंत पिटाळलं. दुसरी बाई आली, ती दोन संध्याकाळी टिकली. तिसरी चांगली दमाची होती, पण नोव्हेंबरात एका संध्याकाळी ती बाथरूममध्ये असताना लेम्पी दार उघडून निघाली. पायात घरातल्या लोकरी सपाता, अंगावर कोट नाही. बर्फ काढणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला ती रेल्वे फाटकापाशी दिसली. कुठे निघालात, असं त्यानं विचारलं तर ती फिनिशमध्ये त्याच्यावरच खेकसली.

आर्वोला कामावर फोन आला. त्यानं हातातला डबा पूर्ण रिकामा केला, यंत्र बंद करून कुलूप लावलं, आणि कुणाला न सांगता निघून गेला. काम अर्धवट टाकल्याबद्दल त्याला ताकीद मिळाली. त्यानंतरच्या रात्रपाळीच्या आठवड्यात तो आलाच नाही. एक दिवसही नाही. मग त्याला निलंबित केलं.

माझ्या कानावर आलं ते एवढंच, की निएमेला निलंबित झाला. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्याच दिवशी मी त्याच्या घरी गेले.

दाराला आतून गाईच्या गळ्यातल्या घंटा बांधलेल्या. दार उघडलं की अख्खं घर वाजायचं. आत वेलदोडा घातलेल्या गोड पावाचा वास सुटला होता. लेम्पी टेबलापाशी पीठ मळत होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, काहीतरी बोलली, आणि पिठाचा एक गोळा माझ्या हातात कोंबला.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"उशीर केलास म्हणते," आर्वो म्हणाला. "तिला वाटतं, तू छावणीतली हाताखालची पोरगी आहेस."

मग मी पीठ मळत मळत त्याच्याकडून एकेक गोष्ट काढून घेतली. विहिरीतून बादली ओढावी तसं. सगळं ऐकल्यावर मी विचारलं, "अरे, हे माझ्याकडे का नाही आणलंस?"

"घरची गोष्ट आहे."

"आणि आता काय करणार?"

"राजीनामा देतो."

"देशील! आणि खाशील काय, हा पाव?" मी म्हटलं. "ऐक. माणूस कुठल्या वंशाचा, कुठल्या धर्माचा, बाई की बुवा, यावरून कामावर भेदभाव करायचा नाही, असा कायदा आहे. ठाऊक आहे ना? त्यातच आणखी एक शब्द आहे. कौटुंबिक स्थिती."

त्यानं विचार केला. "मी तर बिनलग्नाचा."

"अरे देवा! ती वैवाहिक स्थिती, ती वेगळी. ही कौटुंबिक. म्हणजे तुझ्यावर घरातल्या कुणाची जबाबदारी असेल, आणि ती टाळता येण्यासारखी नसेल, तर कंपनीनं जमेल तितकं जमवून घ्यायला हवं. पार नाकी नऊ येईपर्यंत."

"ते लेकुरवाळ्या बायकांसाठी असेल."

"आई म्हणजे कुटुंब नव्हे का? कुणी सांगितलं तुला?"

तो हळूच म्हणाला, "हॅस्किन्सनी."

मी युनियनमार्फत तक्रार केली, आणि तिथे काही हलेना म्हणून आर्वोच्या नावानं मानवी हक्क आयोगाकडेही अर्ज गेला. आयोगाचं उत्तर आलं की आधी दोन्ही बाजूंनी मध्यस्थासमोर बसावं. इथवर सगळं सुरळीत झालं. घोड्यानं पेंड खाल्ली ती पुढे. कायदा नुसत्या "आई आजारी" वर चालत नाही. आपल्या सोयीसाठी मागत नाही, खरोखरची जबाबदारी आहे, आणि दुसरा मार्ग काढायचा प्रामाणिक प्रयत्न करून झाला आहे, हे सांगावं लागतं. आणि ते ज्याचं त्यानंच सांगायचं असतं.

"तुला सगळं सांगावं लागेल," मी त्याच्या घरी जाऊन म्हटलं.

"सगळं म्हणजे?"

"सगळं म्हणजे सगळं. सकाळपासून झोपेपर्यंत."

त्याचा चेहरा असा झाला की जणू मी त्याला चौकात कपडे काढायला सांगितलं. "त्यापेक्षा राजीनामा बरा," तो म्हणाला.

केर्तूमावशी कोपऱ्यात चिंध्या कापत बसली होती. तिनं कात्री खाली ठेवली.

"तुझा बाप असाच मुकाट्यानं गेला," ती म्हणाली. "छातीत दुखतंय एवढंसुद्धा बोलला नाही मेला. तुझ्या आईला दुसऱ्या दिवशी कळलं. तुम्हा निएमेलांच्या जिभेला काय कुलपं घातलीत का रे? मी आणखी किती वर्षं पुरणार आहे? बोल! नाहीतर मी येते तिथे आणि मीच बोलते."

आर्वो घाबरला तो यालाच. मावशी बोलायला लागली तर तो लहानपणी केव्हा काय करायचा इथपर्यंत सगळं निघालं असतं.

इकडे कोठारावर वातावरण तापलं होतं. आर्वोचं निलंबन संपून तो परत आला, आणि निकाल लागेपर्यंत त्याला दिवसपाळी द्यावी लागली. दुसऱ्या दिवशी त्याच्या लॉकरला कुणीतरी बाळाचं लाळेरं बांधून ठेवलं. त्यानं ते सोडलं, घडी घातली, आणि बाकावर ठेवून कामाला गेला. हे काम बोहदानचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोहदान युक्रेनी घरातला, धिप्पाड, मोठ्या आवाजाचा. त्याच यंत्रावर दुसऱ्या पाळीत असायचा. मी त्याला जेवणाच्या खोलीत गाठलं.

"लाज नाही वाटत?"

"मला कसली लाज? आई ह्याची, आणि रात्री जागायचं आम्ही?"

"तुला रात्रपाळी नको असते?"

तो अडखळला. सँडविचकडे बघत म्हणाला, "नको असं कोण म्हणालं? उलट आवडते मला. सकाळी सुटलं की सरळ बोट घेऊन पाण्यावर. त्या वेळी मासे गळाला काय लागतात म्हणून सांगू! पण दुसऱ्याच्या आईपायी माझ्यावर लादलेली नको."

"मग हे तू हॅस्किन्सना सांगितलंस का कधी?"

"ह्या जागी कुणी कुणाला काही विचारतं का, फिलो?"

बोलला खरं. त्या आठवड्यात मी यंत्राच्या सगळ्या माणसांना एकेक करून विचारलं. बोहदानसारखा आणखी एक निघाला. त्याची बायको दिवसा नोकरीला जायची, त्यामुळे रात्रपाळी केली की दिवसा पोरांकडे त्याला बघता येई. एकाला दुपारपाळीच हवी होती, कारण त्याला सकाळी लवकर उठण्याचा जन्मजात तिटकारा होता. सगळ्यांना सारखं म्हणून जे लावलं होतं, ते नीट पाहिलं तर फारच थोड्यांच्या सोयीचं होतं.

मध्यस्थ म्हणून विनिपेगहून मादाम थिबोडो नावाच्या बाई आल्या. हॉटेलातली छोटी खोली, लांबट टेबल. एका बाजूला हॅस्किन्स आणि कंपनीचा वकील. दुसऱ्या बाजूला मी आणि आर्वो. आर्वोनं सूट घातला होता, बहुधा बापाचा, खांद्यात सैल. वकील तरुण होता, सभ्य होता, आणि त्यानं पहिलाच प्रश्न नेमका विचारला.

"मिस्टर निएमेला, आईंना वृद्धाश्रमात का ठेवत नाही? शहरात जागा आहेत."

आर्वो टेबलाकडे बघत राहिला. इतका वेळ, की मादाम थिबोडोंनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाखाली त्याला ढोसणार होते, तेवढ्यात तो बोलायला लागला.

"ती पहाटे उठते," तो म्हणाला. "उठली की तिला छावणीचा स्वयंपाक करायचा असतो. मी तिला सांगतो, आज सुट्टी आहे. रोज सांगतो. मग ती खूश होते. हे फिनिशमध्ये सांगावं लागतं. इंग्रजीत सांगितलं की तिला वाटतं, अंगावर ओरडतायत. आश्रमात मी तिला घेऊन गेलो होतो. तिथे नर्सनं प्रेमानं हात धरला, आणि ती टेबलाखाली जाऊन बसली. दोन तास बाहेर येईना. फिनिश बोलणाऱ्यांचा एक आश्रम आहे. तिथे आमचं नाव यादीत आहे. माझ्या पुढे पुष्कळ लोक आहेत, आणि कुणीतरी मेल्याशिवाय नंबर लागत नाही. कुणी मरावं असं मला वाटत नाही."

तो पुढे सांगत राहिला. बहिणीला विचारलं, ती व्हँकूव्हरला असते, तिला जमत नाही. चर्चमध्ये सांगून पाहिलं, ज्यांना फिनिश येतं त्या सगळ्या बायका केर्तूपेक्षाही म्हाताऱ्या. एजन्सीच्या तीन बायका झाल्या. किटलीची गोष्टही त्यानं सांगितली, आणि वकिलाला हसू आवरलं नाही तेव्हा आर्वोही किंचित हसला.

"शनिवारी तिला सौनात वाफेच्या अंघोळीला न्यावं लागतं," तो म्हणाला. "तिला दुसऱ्या कुणाच्या हातून अंघोळ चालत नाही. माझ्याकडूनही लाजते. म्हणून मी डोळे मिटून पाठ चोळतो आणि गुरांच्या गोष्टी विचारतो. ती एकेका गाईचं नाव सांगते. तोवर अंघोळ होते. झोपतानाही तसंच. झोपली की मी दाराच्या घंटा तपासतो." तो थांबला. "दिवसा केर्तू असते. संध्याकाळी आणि रात्री माझ्याशिवाय कुणी नाही. मला दुसरं काही नको. काम मी कुठलंही करीन."

मी त्याला तेवीस वर्षं ओळखत होते. त्या तेवीस वर्षांत मिळून तो एवढं बोलला नव्हता.

हॅस्किन्स चष्मा पुसत होते. "आर्वो, यातलं तू मला काहीच सांगितलं नव्हतंस."

"तुम्ही विचारलं नाहीत," आर्वो म्हणाला. "आणि मीही दारातच उभा राहिलो."

मादाम थिबोडो शांतपणे म्हणाल्या, "मिस्टर हॅस्किन्स, माणूस दारात येऊन 'आई आजारी' म्हणाला, की पुढचा प्रश्न मालकानं विचारायचा असतो. कायद्याची अपेक्षा तेवढीच आहे. त्याला आत बोलवा, काय अडचण आहे ते विचारा, आणि काही जमतं का ते बघा. खरंच जमत नसेल तर ते दाखवा."

"पण एकाला पक्की दिवसपाळी दिली तर सगळं चक्रच मोडतं," हॅस्किन्स म्हणाले. त्यात चिडण्यापेक्षा काळजीच जास्त होती. "बाकीच्यांवर जादा रात्री येतात. ते का म्हणून सोसतील?"

मग मी सांगितलं कोण कोण काय म्हणालं ते. बोहदानचे मासे सांगितले. सकाळी न उठणाऱ्याचंही सांगितलं, त्याचं नाव न घेता, तरी हॅस्किन्सनी ते अचूक ओळखलं. ते थोडा वेळ कागदावर चौकोन आखत बसले. काटकोनातला माणूस, पण एकदा गणित समोर ठेवलं की सोडवल्याशिवाय राहणारा नव्हे. दुपारच्या जेवणापर्यंत त्यांनी स्वतःच नवं वेळापत्रक मांडलं, आणि ते आधीच्यापेक्षा सुटसुटीत झालं असं त्यांनाच कबूल करावं लागलं.

ठरलं ते असं: आर्वोला पक्की दिवसपाळी, गरज आहे तोवर. ताकीद आणि निलंबन रद्द. आर्वोनं आपणहून सांगितलं की ख्रिसमसला तो कामावर येईल, कारण त्या दिवशी केर्तूचं सगळं गणगोत त्यांच्याकडेच जेवायला असतं. आणि घरची अडचण घेऊन कुणीही आला तर त्याला बसवून विचारायचं, हे सगळ्या मॅनेजरांना बंधनकारक झालं. बाहेर पार्किंगमध्ये मी आर्वोला मिठी मारली. तो ओंडक्यासारखा उभा राहिला, पण पळाला नाही.

आम्हाला वाटलं, आता याची जीभ सुटली. कसली सुटतेय! सोमवारी तो परत मान हलवायला लागला. फक्त नव्या वेळापत्रकानंतर पहिल्या वसंतात एका सकाळी त्याच्या लॉकरला प्लास्टिकची पिशवी लटकलेली होती. आत साफ केलेले दोन ताजे पिकरेल मासे. चिठ्ठी नाही, काही नाही. रात्रपाळी संपवून बोहदान मान खाली घालून बुटांचे बंद बांधत होता. आर्वोनं पिशवी उचलली. दुसऱ्या दिवशी त्याच्याजवळून जाताना म्हणाला, "आईनं दोन्ही खाल्ले." बोहदान रात्रपाळीभर ते सगळ्यांना सांगत सुटला.

लेम्पी आणखी तीन उन्हाळे जगली. शेवटच्या वर्षी पाय गेले, आणि नेमका तेव्हा फिनिश आश्रमात नंबर लागला. तिथे नर्सा तिच्याशी तिच्या बोलीत बोलायच्या, आणि ती त्यांना स्वयंपाकातल्या चुका दाखवायची. काम सुटलं की आर्वो सरळ तिकडे जायचा. एप्रिलमध्ये, सरोवरावरचा बर्फ फुटायच्या सुमाराला, ती दुपारच्या झोपेतच गेली. केर्तूमावशी म्हणाली, "बाई कधी नव्हे ती भांडण न करता गेली," आणि पदरात तोंड लपवावं तसं ॲप्रनमध्ये लपवून रडली.

दफनानंतर आर्वो कामावर आला आणि हॅस्किन्सकडे गेला. "आता दिवसपाळीची गरज नाही," तो म्हणाला. "फिरती चालेल."

हॅस्किन्स उठले, त्यांनी खुर्ची ओढली. "आधी बस. कॉफी घे. आई कशी गेली?"

आर्वो बसला. काचेतून मला दोघं दिसत होते. बराच वेळ बसले.

आता तोही निवृत्त झालाय. उन्हाळ्यात बोहदान त्याला बोटीतून घेऊन जातो. परवा बोहदान बाजारात भेटला, तेव्हा मी विचारलं, "काय रे, दिवसभर पाण्यावर दोघं करता तरी काय?"

"मी बोलतो," बोहदान म्हणाला, "आणि त्याच्या गळाला मासे लागतात."